कृषी चित्रफितींची मराठी उपशीर्षके : संगणकावर येणाऱ्या अडचणी व त्यांचे निराकरण

पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारी क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी यांत प्रथमदर्शनी फारसा फरक दिसत नाही. दोहोंच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असतात आणि दोन्ही एकाच फांदीवर, एकाच घडात आढळतात. अळी आकाराने मोठी व अधिक चपळ असते, एवढाच काय तो ठळक भेद. हा भेद समजावणाऱ्या चित्रफितीत आधी कीड आणि लगेच तिचा शत्रू दाखवला जातो. अशा वेळी पडद्याखालची मराठी ओळ चार सेकंद मागे पडली, तर ‘ही कीड, हिचा बंदोबस्त करावा’ हे शब्द नेमके मित्रकीटकाच्या चित्राखाली येतात. प्रेक्षक चित्र आणि शब्द एकत्रच लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी बागेत फवारणी कोणावर होईल, हे मग सांगावयास नको.

म्हणून उपशीर्षके, म्हणजेच सबटायटल, नीट न दिसणे ही केवळ तांत्रिक कटकट मानून चालत नाही. तो विस्ताराच्या कामातील दोष ठरतो आणि त्याचे निदान शेतातील रोगाच्या निदानाप्रमाणेच करता येते : आधी लक्षण, मग कारण, शेवटी उपाय.

बेंगळुरूची चित्रफीत, मराठी प्रेक्षक

कीटकशास्त्र आणि जैविक कीड नियंत्रण या विषयांत बेंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था याच शहरात आहे. १९९३ साली जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून तिची उभारणी झाली आणि २०१४ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. पपईवरील पिठ्या ढेकणाने दक्षिण भारतात थैमान घातले, तेव्हा त्यावरील ॲसेरोफॅगस पपाये हा परोपजीवी कीटक २०१० मध्ये येथेच आणून वाढवला गेला. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात झाली आणि त्याच वर्षी ही अळी महाराष्ट्रातील शेतांतही पोहोचली. किडीला राज्याची सीमा नसते. तिच्याविषयीची माहिती मात्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार होते.

चित्रफितीद्वारे कृषी विस्तार या कल्पनेचेही बेंगळुरूशी नाते आहे. ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम २००६ साली तेथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संशोधन केंद्रात आकारास आला. कर्नाटकातील १६ गावांत १३ महिने चाललेल्या चाचणीत, प्रशिक्षण व भेट या पारंपरिक पद्धतीच्या तुलनेत चित्रफितीच्या पद्धतीने काही शिफारशींचा स्वीकार सातपट वाढल्याचे आढळले. या पद्धतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. चित्रफीत स्थानिक शेतकऱ्यांची व त्यांच्याच भाषेतील होती, आणि ती दाखवताना मध्ये थांबून प्रश्न विचारणारा मध्यस्थ उपस्थित असे.

दुसऱ्या भाषेतील चित्रफितीला मराठी आवाज देणे खर्चाचे व वेळखाऊ काम आहे. मराठी उपशीर्षके मात्र एका संगणकावर, एका साध्या मजकूर-फाइलच्या रूपात तयार करता येतात. शिवाय शिफारस बदलली, तर चित्रफितीला हात न लावता फाइलमधील तेवढी ओळ दुरुस्त करता येते. बाह्य उपशीर्षकांचा हा सर्वांत मोठा लाभ आहे. त्यांची अडचणही यातूनच उद्भवते : चित्र एका फाइलमध्ये, शब्द दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोहोंचा मेळ घालण्याचे काम प्लेअरचे.

उपशीर्षकांच्या फाइलची रचना

सर्वाधिक प्रचलित असलेली एसआरटी फाइल नोटपॅडमध्येही उघडता येते. तिच्यात प्रत्येक उपशीर्षकाचा एक स्वतंत्र खंड असतो. पहिल्या ओळीत अनुक्रमांक, दुसऱ्या ओळीत आरंभ व शेवट यांची वेळ, त्याखाली एक किंवा दोन ओळींचा मजकूर आणि शेवटी एक कोरी ओळ, असा हा क्रम आहे. उदाहरणार्थ :

१
००:०१:१०,००० --> ००:०१:१६,०००
डोक्यावर उलट्या ‘वाय’ची खूण :
ही अमेरिकन लष्करी अळी.

वेळ तास, मिनिटे, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचा हजारावा भाग या क्रमाने लिहितात. येथे आकडे देवनागरीत छापले असले, तरी प्रत्यक्ष फाइलमध्ये अनुक्रमांक व वेळ यांचे आकडे इंग्रजीच असावे लागतात. मराठी कळफलक चालू असताना वेळेची ओळ टंकित केल्यास प्लेअरला ती वेळ म्हणून ओळखता येत नाही. मजकुरातील मात्रा, अंतर, तारीख यांचे आकडे मात्र देवनागरीत ठेवण्यास हरकत नाही.

पुढील विवेचन व्हीएलसी या विनामूल्य प्लेअरला धरून केले आहे. तो विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतो आणि विस्तार कार्यालयांतील बहुतेक संगणकांवर सहज बसवता येतो. इतर प्लेअरमध्ये कळा व सूचीतील नावे बदलतात, निदानाची पद्धत तीच राहते.

पहिले लक्षण : उपशीर्षके दिसतच नाहीत

सर्वप्रथम दोन्ही फाइलची नावे व जागा पाहावी. चित्रफीत आणि उपशीर्षकांची फाइल एकाच फोल्डरमध्ये असून शेवटचा प्रकारदर्शक भाग वगळता दोहोंचे नाव अक्षरशः सारखे असेल, तर प्लेअर उपशीर्षके आपोआप उचलतो. एका नावात जागा आणि दुसऱ्यात जोडरेषा, एवढ्याने हा मेळ चुकू शकतो.

नाव बरोबर असूनही फाइल उचलली जात नसेल, तर तिचा प्रकार तपासावा. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचा शेवटचा भाग बहुधा लपवलेला असतो. नोटपॅडमधून जतन केलेली फाइल ‘लष्करी-अळी.एसआरटी’ अशी दिसते आणि प्रत्यक्षात ती ‘लष्करी-अळी.एसआरटी.टीएक्सटी’ असते. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ सूचीतून नावाचा हा भाग दृश्य करून घेतल्यास चूक लगेच उघड होते.

यानंतर प्लेअरमध्ये उपशीर्षके बंद केलेली नाहीत ना, हे पाहावे. ‘व्ही’ ही कळ दाबल्यावर उपलब्ध उपशीर्षके एकामागून एक बदलतात व बंदही होतात. ‘सबटायटल’ सूचीतील ‘ॲड सबटायटल फाइल’ या पर्यायाने फाइल थेट जोडता येते. तशी जोडूनही काहीच दिसले नाही, तर दोष फाइलच्या आत आहे असे समजावे.

आतील दोष सामान्यतः तीन प्रकारचे असतात. वेळेचे आकडे देवनागरीत असणे, हा पहिला. फाइल वर्डमध्ये तयार केल्यामुळे दोन आडव्या रेषा व कोनाचे चिन्ह यांचा आपोआप एकसंध बाण होणे, हा दुसरा. दोन खंडांमधील कोरी ओळ गळणे, हा तिसरा. शेवटच्या प्रकारात पुढील खंडाचा अनुक्रमांक व वेळ मजकुरासारखे पडद्यावर झळकू लागतात, त्यामुळे तो सहज ओळखू येतो. वर्डचा वापर केवळ मजकुराच्या भाषांतरासाठी करावा. अंतिम फाइल नोटपॅड किंवा उपशीर्षकांसाठीच्या ‘सबटायटल एडिट’ या विनामूल्य प्रणालीत तयार करणे श्रेयस्कर.

दुसरे लक्षण : मराठीऐवजी भलतीच चिन्हे

महाराष्ट्रातील कार्यालयांत हा दोष वारंवार आढळतो. चिन्हे कशी दिसतात यावरून त्याची कारणे वेगळी करता येतात.

डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ अक्षर पुनःपुन्हा दिसत असेल, तर मजकूर सुरक्षित आहे आणि प्लेअर तो चुकीच्या संकेतप्रणालीने वाचत आहे. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांत साठवले जाते. ‘अळी’ या शब्दात अ, ळ आणि दीर्घ ईची वेलांटी अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. प्लेअरने प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानले की एका छोट्या शब्दाच्या जागी विचित्र चिन्हांची रांग उभी राहते. उपाय सोपा आहे : ‘टूल्स’मधील ‘प्रेफरन्सेस’ उघडून उपशीर्षकांच्या विभागात मूळ संकेतप्रणाली यूटीएफ-८ निवडावी, जतन करावे आणि प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करावा.

साधी रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ दिसत असेल, तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या टंकात बसवलेला आहे. या टंकांमध्ये संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच राहतात आणि त्यांना फक्त मराठी रूप चढवलेले असते. उपशीर्षकांच्या फाइलमध्ये टंकाची माहितीच साठवली जात नसल्याने ते रूप गळून पडते. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि त्यानंतर रफार, जोडाक्षरे व विशेषतः आकडे डोळ्यांखालून घालावेत. नवे काम आरंभापासून युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट किंवा अन्य सोयीच्या कळफलकाने केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

सर्वत्र प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर हानी गंभीर आहे. फाइल जतन करताना ‘एएनएसआय’ हा पर्याय राहिल्यामुळे मराठी अक्षरे पुसली जाऊन त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिली गेलेली असतात. कोणतीही मांडणी बदलून ती परत मिळत नाहीत, मूळ प्रत शोधावी लागते. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ मध्ये जतन करते. जुन्या संगणकावर मात्र ‘सेव्ह ॲज’ करताना ‘एन्कोडिंग’ या चौकटीत यूटीएफ-८ निवडणे आवश्यक असते.

रिकामे चौकोन दिसत असतील, तर निवडलेल्या टंकात देवनागरी नाही. उपशीर्षकांचा टंक बदलून निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी एक ठेवावा. अक्षरे देवनागरी असूनही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे पडलेली आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी झालेली दिसत असतील, तर प्लेअरला देवनागरीची जुळणी करता येत नाही. अशा वेळी टंक बदलून उपयोग होत नाही. प्लेअरची नवी आवृत्ती बसवावी लागते.

तिसरे लक्षण : शब्द व चित्र यांचा मेळ नाही

येथे घाईने उपाय करू नये. प्रथम दोन ठिकाणी मोजमाप घ्यावे, एक आरंभाजवळ आणि एक शेवटाजवळ. दोन्ही ठिकाणी उपशीर्षक किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, ते लिहून ठेवावे. या दोन आकड्यांतून कारण स्पष्ट होते.

दोन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर संपूर्ण फाइल एका ठरावीक वेळेने सरकलेली आहे. चित्रफितीच्या आरंभीची बोधचिन्हाची काही सेकंदे कापल्यास किंवा नव्याने जोडल्यास असे घडते. व्हीएलसीमध्ये उपशीर्षक उशिरा येत असेल तर ‘जी’ आणि लवकर येत असेल तर ‘एच’ ही कळ दाबावी. प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो. तीन सेकंदांसाठी ६० वेळा कळ दाबण्यापेक्षा ‘टूल्स’मधील ‘ट्रॅक सिंक्रोनायझेशन’ या खिडकीत आकडा भरणे सोयीचे. ही दुरुस्ती त्या वेळच्या प्रदर्शनापुरतीच राहते. कायम दुरुस्तीसाठी सबटायटल एडिटमध्ये सर्व वेळा एकदम सरकवून फाइल नव्याने जतन करावी.

फरक आरंभी अल्प आणि शेवटी मोठा असेल, तर चित्रफितीचा वेगच बदललेला आहे. सेकंदाला २४ चित्रे या वेगाची १५ मिनिटांची चित्रफीत २५ चित्रांच्या वेगाने चालवल्यास ती १४ मिनिटे २४ सेकंदांत संपते. मूळ वेळांनुसार बांधलेली उपशीर्षके मग दर मिनिटाला सुमारे अडीच सेकंद मागे पडत जातात आणि शेवटाजवळ हे अंतर ३६ सेकंदांवर पोहोचते. येथे ‘जी’ किंवा ‘एच’ दाबून एक प्रसंग जुळतो आणि पुढचा बिघडतो. ज्या प्रतीवरून उपशीर्षके बांधली तिची एकूण लांबी आणि हाती असलेल्या प्रतीची लांबी ताडून पाहिल्यास संशय फिटतो. सबटायटल एडिटमध्ये चित्रवेग बदलण्याची सोय आहे. ती वापरून पूर्ण फाइल त्या प्रमाणात ताणावी किंवा आकसावी.

उपशीर्षके एका ठिकाणापर्यंत अचूक आणि तेथून पुढे एकसारखी चुकलेली असतील, तर मधला भाग कापलेला किंवा नवा घातलेला आहे. त्या ओळीपासून पुढच्याच वेळा सरकवाव्यात.

एक चकवा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ब्लूटूथ ध्वनिवर्धक जोडल्यास आवाज कधी कधी चित्राच्या मागे पडतो. ऐकणाऱ्यास उपशीर्षके लवकर आल्याचा भास होतो, वस्तुतः ती चित्राशी जुळलेली असतात. आवाजाच्या आधारे ती मागे सरकवल्यास कीटकाचे नाव पुढच्या कीटकाखाली जाते. अशा वेळी ध्वनिवर्धक तारेने जोडावा किंवा ‘जे’ कळेने आवाज पुढे आणावा. कीटकाच्या ओळखीत चित्र हाच आधार मानावा. जुळणी ओठांशी किंवा आवाजाशी न करता पडद्यावरील कीटकाशी करावी.

चौथे लक्षण : चित्रफीत अडखळते

उपशीर्षके सुरू केल्यावर चित्र अडखळू लागले, तर ‘व्ही’ कळेने ती बंद करून तोच भाग पुन्हा पाहावा. अडखळणे तसेच राहिले, तर उपशीर्षकांचा दोष नाही. चित्रफीत पेन ड्राइव्हवरून चालत असल्यास ती संगणकाच्या मुख्य डिस्कवर उतरवून घ्यावी. जुना संगणक आणि ४के दर्जाची किंवा एच.२६५ पद्धतीने आवळलेली चित्रफीत यांची जोडी जमत नाही. हँडब्रेक या विनामूल्य प्रणालीने तिची ७२० रेषांची, एच.२६४ पद्धतीची प्रत करून घेतल्यास बहुतेक संगणकांवर ती सुरळीत चालते.

उपशीर्षके बंद करताच अडखळणे थांबत असेल, तर दोष चित्र व शब्द एकत्र रंगवण्याच्या प्रक्रियेत आहे. व्हीएलसीच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ या विभागात हार्डवेअरच्या साहाय्याने होणारे विसंकेतन बंद करून पाहावे. त्याने फरक न पडल्यास ‘व्हिडिओ’ विभागातील ‘आउटपुट’चा पर्याय बदलावा. एका वेळी एकच बदल करून निकाल पाहावा. दोन बदल एकदम केल्यास कोणता लागू पडला हे कळत नाही. प्रयोगक्षेत्रावर एकाच वाफ्यात दोन वेगळ्या मात्रा देऊन निष्कर्ष काढता येत नाहीत, तसेच हे आहे.

गावात नेण्यापूर्वी

दूरचित्रवाणी संच, छोटे प्रक्षेपक आणि पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी उपकरणे यांपैकी अनेकांना देवनागरी उपशीर्षके नीट दाखवता येत नाहीत. व्हॉट्सॲपवरून चित्रफीत पाठवली, तर सोबतची एसआरटी फाइल तिच्याशी जोडली जात नाही. अशा ठिकाणी उपशीर्षके चित्रातच कायमची उमटवलेली प्रत वापरावी. हँडब्रेकमध्ये एसआरटी फाइल जोडून ‘बर्न इन’ हा पर्याय निवडल्यास ती तयार होते. अशा प्रतीतील चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून उमटवण्यापूर्वी तपासणी पूर्ण करावी आणि मूळ चित्रफीत व एसआरटी फाइल स्वतंत्र जपून ठेवाव्यात. चित्रफितीत असा बदल करण्यास निर्मात्या संस्थेची अनुमतीही घ्यावी.

मात्रा सांगणाऱ्या उपशीर्षकांना वेगळी शिस्त हवी. लष्करी अळीसाठी एमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ०.४ ग्रॅम प्रति लिटर पाणी, अशी शिफारस पडद्यावर येते तेव्हा ‘०.४’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘ग्रॅम’ पुढच्या ओळीत जाऊ देऊ नये. परिवर्तनात दशांशचिन्ह गळले, तर ०.४ चे ०४ होते आणि मात्रा दसपट वाढते. ही ओळ भाषणापेक्षा अधिक वेळ पडद्यावर ठेवावी, म्हणजे शेतकऱ्याला ती उतरवून घेता येईल. चित्रफीत जुनी असल्यास औषधाची मात्रा व प्रतीक्षा काळ सध्याच्या लेबलाशी आणि चालू शिफारशीशी ताडून ओळ सुधारावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांत शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. त्यानंतर मुखपट्टी, हातमोजे, वाऱ्याची दिशा या सूचनांची ओळ न दिसता निसटणे कोणत्याही चित्रफितीत क्षम्य मानता येत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, त्याच संगणकावर व त्याच प्रक्षेपकावर, चार ठिकाणे तपासणे पुरेसे होते : आरंभीचे पहिले उपशीर्षक, मित्रकीटक व कीड यांच्यातील बदलाचा क्षण, मात्रेची ओळ आणि शेवटचे उपशीर्षक. यांपैकी दुसऱ्या ठिकाणी चित्रफीत थांबवून शब्द नेमक्या कोणत्या कीटकाखाली उमटले आहेत, हे कीटक ओळखणाऱ्या व्यक्तीने स्वतः पाहावे. क्रिप्टोलीमस १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि येथे स्थिरावला. आज तो अनेक बागांत शेतकऱ्यासाठी विनामोबदला राबतो. पडद्यावर त्याच्या अळीखाली त्याचेच नाव उमटले, तरच बागेत ती फवाऱ्यापासून वाचेल.